कडेपासून दोन बोटं

४ जानेवारी

प्रिय चिमी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कानांपेक्षा तुझा पोस्टमन बरा, म्हणून फोनऐवजी लिहितेय. फोनवर मी ओरडते, तू "हो हो" म्हणतेस, आणि दोघींनाही काही कळत नाही.

आमच्या कंडक्टरसाहेबांचा मोतीबिंदू आता चांगलाच वाढलाय. परवा खुंटीवरच्या माझ्या रेनकोटाला "या, बसा" म्हणाले. मी हसले, ते हसले नाहीत. चहा कपाच्या शेजारी ओततात आणि टेबलाला नावं ठेवतात. हे सगळं चालेल गं. माझा जीव त्या जिन्यात अडकलाय. पायऱ्या जुन्या, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या, कडा झिजून गोल झालेल्या. मधल्या वळणावर बल्ब लावला की आठवड्यात कोणीतरी काढून नेतं. हे पायाने चाचपत उतरतात, आणि शेवटची पायरी संपली तरी आणखी एक आहे असं समजून पाय हवेत सोडतात. मागच्या महिन्यात गुडघा फुटला. मला सांगितलंच नाही. पँटला ठिगळ लावायला घेतलं तेव्हा आतून रक्त दिसलं. शिवणकाम करणाऱ्या बायकोपासून पँट लपवायला निघाले होते, शहाणे!

काठी घ्या म्हटलं तर म्हणतात, काठी घेतली की माणूस म्हातारा होतो. जसे काही आत्ता बोहल्यावरच उभे आहेत.

दोन वर्षं "पिकू दे, पिकू दे" करत डोळा दाखवला नाही. आता दाखवला तर सरकारी दवाखान्यातलं मशीन बिघडलंय. डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या गावाहून येतात, तेही अधूनमधून. तारीख दिली होती, ती पुढे ढकलली. खासगीत जायची आमची ऐपत नाही हे तुला माहीत आहे. मूलबाळ नाही, आम्हा दोघांना आम्ही दोघंच. हे पडले तर उचलणारी मी, आणि माझ्या कंबरेची गंमत तुला ठाऊकच आहे.

तोवर यांना जिन्यात कसं सांभाळू ते सांग. तू जन्मभर पोरं शिकवलीस, सगळ्यातलं सगळं कळतं असं तुला वाटतंच.

तुझी,
अक्का


१९ जानेवारी

प्रिय अक्का,

नमस्कार. वाटतं नाही, कळतंच मला.

वर्तमानपत्रात आरोग्याचं सदर येतं त्यात वाचलं होतं, कात्रणसुद्धा काढून ठेवलंय. मोतीबिंदूच्या माणसाला एकाच रंगाच्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसत नाहीत, सगळा जिना उतारासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी रेघ मारायची. कड दिसली की पाय कुठे टाकायचा आणि कुठे उचलायचा ते कळतं. बाकी, दारातलं पायपुसणं आजच काढ. मी स्वतः त्यात अडकून पडले आहे, सुनेला मात्र सांगितलं की वाकून काहीतरी शोधत होते.

रेघा सरळ हव्यात. ते तुला मी काय सांगायचं! कापडावर पट्टी न धरता सरळ रेघ मारणारी अख्ख्या घराण्यात तू एकटी.

भाऊजींना सांग, मेहुणीचा हुकूम आहे, काठी घ्या.

तुझी,
चिमी


१२ फेब्रुवारी

प्रिय चिमी,

मास्तरीणबाई, तुम्हाला शंभरपैकी शंभर!

भिंतीला लावतात तो पांढरा रंग थोडा आणला आणि रविवारी दुपारी, जिन्यात वर्दळ नसते तेव्हा, वरच्या पायरीवर बैठक मारली. एकेक पायरी सरकत सरकत खाली आले. पट्टीबिट्टी काही नाही, ब्रश हातात धरला आणि हात आपला चालत राहिला. तळमजल्यावरची बाई बघायला आली, म्हणाली, "अक्का, फूट लावून मारल्यात काय हो?" एका पायरीची रेघ दुसरीपेक्षा केसभर इकडेतिकडे नाही. शिवणयंत्र विकून टाकल्यापासून हाताला काही कामच नव्हतं. खरं सांगते, त्या दुपारी मला फार बरं वाटलं.

मग यांना बोलावलं. मी खाली उभी राहिले. साहेब वरून उतरले, एक हात कठड्याला, पायरी पायरी थांबत. खाली येऊन म्हणाले, "झकास! डबल बेल, जाऊ दे गाडी!" माझा जीव भांड्यात पडला. आता रोज संध्याकाळी एकटे उतरतात, कोपऱ्यावरच्या बाकावर जातात. तिथे यांचा जुना ड्रायव्हर येऊन बसतो. दोघं मिळून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतात. एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला आठवत नाही, पण वाद मात्र तावातावाने.

दवाखान्याचं रडगाणं चालूच आहे. मशीन दुरुस्त झालं, डॉक्टर आले, यांना आत घेतलं आणि रक्तदाब वाढलाय म्हणून परत पाठवलं. भीतीने वाढला असणार, दुसरं काय! आता पुढची तारीख एप्रिलात. म्हटलं, असू दे. तुझ्या रेघा आहेत तोवर चालेल.

तुझी,
अक्का


६ मार्च

प्रिय अक्का,

तुझं पत्र मी शेजारणीला, सुनेला आणि दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं. बघा म्हटलं, माझं घरात कोणी ऐकत नाही, पण तिकडे माझ्या सल्ल्यावर माणसं जिने उतरतात.

मी पाठवलेलं मफलर भाऊजींना मिळालं का? तुझं पत्र नाही बरेच दिवस. तारखेचं काय झालं?

तुझी,
चिमी


२ एप्रिल

प्रिय चिमी,

हे पडले.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही इस्पितळात होतो. म्हणून उत्तर नाही. तुला लगेच कळवलं नाही, कळवून तू काय करणार होतीस? रडली असतीस, आणि तिकडे तुझाही दाब वाढला असता.

संध्याकाळी बाकावर निघाले होते. मी वर भाजी निवडत होते. आवाज आला तो मी ओळखला. इतके दिवस त्याच आवाजाची वाट बघत असल्यासारखी मी उठले बघ. मधल्या वळणाच्या खाली पडले होते, एक पाय भलतीकडे वळलेला. मला बघून, म्हणजे माझा आवाज ऐकून, म्हणाले, "चपलेनं दगा दिला गं. अंगठा निसटला." शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली नेलं.

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, आत सळई घातलीय. आता घरी आणलंय, पुढच्या खोलीत खाटेवर असतात. आठवड्यातून दोनदा व्यायामवाली बाई येते, चार पायांचा लोखंडी वॉकर पुढे ठेवते आणि म्हणते, "टाका पाऊल, काका." हे टाकतच नाहीत. म्हणतात, खाली जमीन आहे की काय आहे ते मला दिसत नाही, मी कशावर टाकू? ती म्हणते, आधी डोळ्याचं करून घ्या. डोळ्यांच्या खात्यात विचारलं तर तिथली बाई म्हणते, पेशंटला मशीनपुढे बसता आलं पाहिजे, हनुवटी टेकवून स्थिर. आधी पायाचं करून घ्या. पाय म्हणतो डोळा आण, डोळा म्हणतो पाय आण, आणि मी मध्ये कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. कोणाशी भांडू ते तरी कळायला हवं. दोघी बाया चांगल्या आहेत गं, दोघी बरोबरच बोलतात.

एप्रिलची तारीख गेल्यातच जमा.

त्या मेल्या चपला मी उकिरड्यावर टाकल्या. हे रोज त्यांना शिव्या घालतात, मीही घालते. तेवढाच आम्हाला विरंगुळा.

जिन्यातल्या रेघा माणसांच्या धावपळीत पुसल्या होत्या. त्या मी नव्याने मारल्या, या खेपेला तेलरंगाने.

तुझी,
अक्का


११ एप्रिल

मेहुणीबाईंना,

स. न. वि. वि. अक्षर एकावर एक चढलं असेल, सांभाळून घ्या. गर्दीच्या गाडीत असंच चालतं. पुठ्ठ्याची पट्टी खाली धरून लिहितोय. तुमची अक्का औषधं आणायला गेलीय. हे पत्र व्यायामवाली बाई टपालात टाकणार आहे, पत्ता तिनेच घातलाय.

एक गोष्ट सांगतो आणि ती तुमच्यापाशीच ठेवा. चपलेचं मी बनवून सांगितलंय. चप्पल बिचारी चांगली होती.

तुमच्या अक्काने रेघा मारल्या त्या पायरीच्या कडेला नाहीत. कडेपासून दोन बोटं आत आहेत. सगळ्याच्या सगळ्या. तिने जन्मभर कापडावर रेघा मारल्या. कापडाच्या कडेवर कोणी रेघ मारत नाही, शिवणीसाठी दोन बोटं सोडून मारतात. हात तसाच चालला तिचा. मला पहिल्याच दिवशी पायाला कळलं, की डोळ्याला जिथं कड दिसते तिथं ती नाही, पुढे आणखी दगड आहे. म्हणणार होतो. पण ती खाली उभी होती. चेहरा मला दिसत नव्हता, नुसता एक पांढुरका गोळा, तो वर करून उभी होती. श्वास रोखलाय हे मात्र ऐकू येत होतं. मी म्हणालो, झकास.

मग रोज पायानेच अंदाज घेत उतरायचो, रेघ सोडून. त्या दिवशी वरच्या मजल्यावरची माणसं गादी घेऊन चढत होती. त्यांना वाट द्यायला कठडा सोडून भिंतीकडे झालो आणि घाईत रेघेचं ऐकलं. रेघेला कड समजून पुढचा पाय खाली सोडला, टाच दगडावर आपटली आणि गेलो. आयुष्यभर लोकांना "जपून उतरा" म्हणून ओरडलो, माझ्या वेळी कोणी ओरडलं नाही.

हे तिला कळलं तर ती संपेल. तुम्ही ओळखता तिला. पण न सांगावं तर दुसरी पंचाईत. तिने त्याच रेघा आता तेलरंगाने पक्क्या केल्यात. तिच्याही डोळ्यांना हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही, सुई ओवायला ती माझ्याशेजारी बसून चारदा चुकते, दरवेळी पुटपुटते, मला कळत नाही असं समजून. रोज ती जिना उतरते आणि मी इथं पडून तिची पावलं ऐकतो. उठून धरता येत नाही. जिना घाण दिसतो, रेघा पुसून टाक म्हणालो, तर म्हणाली, "तुम्हाला दिसतो का?"

तुम्ही काहीतरी निमित्त काढून त्या पुसायला लावा. तुमचं ती ऐकत नाही, पण तुमच्यावर चिडून का होईना, काहीतरी करते.

आपला,
कंडक्टर


२० एप्रिल

प्रिय अक्का,

भाऊजींचं वाचून मन फार खट्टू झालं. मला यायचंय, पण मुलगा एकटीला प्रवास करू देत नाही. मागून गाडी आली तर तुला ऐकू येत नाही, म्हणतो. खरं आहे त्याचं.

एक सांगायचं राहिलं. त्या सदरात आता नवीन आलंय, की पांढऱ्या रेघांनी उलट डोळे दिपतात. तर त्या रेघा खरवडून टाक बघू. आजच्या आज. आणि तोवर कठडा धरून उतर.

तुझी,
चिमी


३० एप्रिल

प्रिय चिमी,

तुझ्या सदराला दुसरा उद्योग नाही का? जानेवारीत मारा, एप्रिलात पुसा. आमच्या जिन्यात कोणाचे डोळे दिपत नाहीत, तिथे दिवसासुद्धा अंधार असतो.

रेघा मी पुसणार नाही. उलट, बाजूच्या जिन्यातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी मागे लागून त्यांच्याही पायऱ्या माझ्याकडून रंगवून घेतल्या. वरचे पेन्शनवाले आजोबा येता-जाता आशीर्वाद देतात, वयाने माझ्याहून लहान असून. यांना पाऊल टाकता येत नाही, डॉक्टर मिळत नाही, मी करू शकते ते एवढंच आहे. ते तरी करू दे.

हे आता फारसं बोलत नाहीत. व्यायामवाली बाई आठवड्यातून एकदाच येते. पाठीला जखम होऊ लागलीय.

तुझी,
अक्का


८ मे

प्रिय अक्का,

हे पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच, बसून.

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. तू दुसऱ्यांचेही जिने रंगवलेस. आता गप्प राहिले तर उद्या त्या आजोबांचं काही झालं तर? तुझंच काही झालं तर? दिलेला शब्द मोडतेय. भाऊजी मला माफ करोत.

त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. चपलेचं खोटं आहे. तू मारलेल्या रेघा कडेवर नव्हत्या, कडेपासून दोन बोटं आत होत्या, कापडावर मारतात तशा. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. त्या रेघेवर विश्वास ठेवून ते पडले. आता तू पडशील या धास्तीने ते तिथे खाटेवर पडून तुझी पावलं ऐकत असतात. म्हणून ते पुसायचं खोटं निमित्त मी काढलं.

तुझी काही चूक नाही गं. रेघा मारायला मीच सांगितलं, आणि दूधवाल्यापर्यंत मिरवलं ते मीच. तू फक्त त्या पुसून टाक आणि कडेवर मार. हवं तर मला दोन शिव्या घाल, पण हे कर.

तुझी,
चिमी


१७ मे

चिमी,

रेघा कडेवर आहेत, तेलरंगाने मारल्या तेव्हापासूनच. आमच्याही आणि बाजूच्याही. बोट लावून, पायरी पायरी तपासून मारल्यात. कोणी पडणार नाही, तू झोप.

मला कळलं होतं. त्याच दिवशी. यांना गाडीत घातलं आणि मी कागदपत्रं आणायला वर धावले. मधल्या वळणावर धाप लागली म्हणून बसले, तर समोर रेघ. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ती बरोबरच दिसत होती, कारण रेघ तिथेच असते, माझ्या हाताला दुसरी जागा माहीतच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्यावर बोटं ठेवून मोजलं. दोन बोटं. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

इस्पितळापर्यंत सबंध वाट मी यांच्या तोंडाकडे बघत होते, आता म्हणतील, मग म्हणतील. आणि हे एकच घोकत होते, चप्पल, चप्पल. चिमी, तुला काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला. पाय मोडलेला माणूस समोर कण्हतोय आणि मला सुटल्यासारखं झालं. यांना माहीत नाही, एवढं एकच माझ्यापाशी शिल्लक होतं. त्याच्या आधारावर मी यांचं अंग पुसत होते, पाठीची जखम धूत होते, खिडक्यांपुढे उभी राहत होते. चपला टाकल्या त्या चांगल्या होत्या हे मी हातात धरून बघितलं होतं. अंगठा निसटलेला नव्हता. तरी मला वाटलं नाही की हे खोटं बोलतायत. वाटून घ्यायचं नव्हतं, असंच म्हण.

ते एकच शिल्लक तू घेऊन गेलीस. तुझा दोष नाही, तुला कुठे ठाऊक होतं? तू नेहमी चांगल्यासाठीच करतेस. पण आता मी यांच्या खोलीत जाते तेव्हा काय तोंड करून जाऊ? तोंड यांना दिसत नाही हे तरी बरं म्हणायचं का?

यांना काही सांगणार नाही. मला कळलंय हे कळलं तर यांनी एवढं पोटात ठेवलं ते सगळं वाया जाईल. तूही सांगू नकोस. यापुढे मला मोठ्याने वाचून दाखवता येईल असंच लिही.

डोळ्यांच्या खात्यातून काल माणूस आला होता, नवी तारीख घेऊन. मी पुढच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. त्याने पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि मान खाली घालून गेला.

तुझं पत्र आलं तेव्हा पाकीट फाडल्याचा आवाज यांनी ऐकला. म्हणाले, "चिमीचं ना? वाच की." मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचून घेतलं होतं. खाटेपाशी बसले, कागद समोर धरला आणि मनानेच सांगत गेले. सुनेशी भांडली, कानाला नवीन यंत्र घेणार आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. हे ऐकत होते.

मग म्हणाले, "आणि चपलांचं काही?"

मी म्हटलं, "लिहिलंय ना. म्हणते, मेल्या चपलांनी घात केला."

"बघ," म्हणाले, "तिलाही पटलं." यांना कूस बदलता येत नाही, तोंड तेवढं भिंतीकडे केलं.

अक्का